पॅट्रोनी क्लस्टर: फेलओव्हर चोख होतो, पण अर्धवट कमिटचे काय?

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील आडत्यांच्या हिशोबपट्ट्या करणारी आमची प्रणाली पावसाळ्यापासून महापे येथील तीन नोडच्या (सर्व्हरच्या) पोस्टग्रेस डेटाबेस क्लस्टरवर, पॅट्रोनी (प्रायमरी नोड ठरवणारे सॉफ्टवेअर) आणि ईटीसीडी (क्लस्टरची स्थिती साठवणारी यंत्रणा) यांच्या आधाराने चालते. प्रायमरी नोड (जिथे नोंदी लिहिल्या जातात) अचानक बंद पडला, तर दुसरा नोड पुढे आणण्याचे काम, म्हणजेच फेलओव्हर, पॅट्रोनी विनातक्रार करते. ३० सेकंदांचा मूळ टीटीएल (प्रायमरीपदाच्या नोंदीची मुदत) आम्ही बदललेला नाही आणि त्याच्या आसपासच नवा प्रायमरी उभा राहतो.

मात्र जुन्या प्रायमरीवरचे एकही कनेक्शन नव्या नोडवर जात नाही. तात्पुरती टेबले आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) कनेक्शनबरोबरच नष्ट होतात. मशीनची वीजच गेली असेल, तर क्लायंटला (डेटाबेसला जोडलेल्या प्रोग्रामला) कनेक्शन तुटल्याचा निरोपही मिळत नाही; लिनक्समध्ये कीपअलाइव्हची (कनेक्शन जिवंत आहे का, याची) तपासणी मुळात ७२०० सेकंदांनी सुरू होते, म्हणून उत्तराची वाट पाहणारा क्लायंट दोन तास तसाच अडकून राहू शकतो. ही मुदत कमी करणे आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये तिन्ही नोड देऊन रीड-राइट (लिहिता येणारा) सर्व्हरच मागणे, ही कामे पहिल्याच दिवशी करावीत.

खरी कसोटी कमिटची, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे बदल) पक्के करण्याच्या आदेशाची आहे. कमिटच्या आधी कनेक्शन तुटले, तर ट्रान्झॅक्शन रद्द झाले हे निश्चित असते. पण कमिट पाठवल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी तुटले, तर पट्टी नोंदली गेली की नाही, हे क्लायंटला त्या कनेक्शनवरून कळत नाही. अशा वेळी आंधळेपणाने पुन्हा पाठवले, तर शेतकऱ्याच्या एकाच मालाची पट्टी दोनदा होते. आम्ही प्रत्येक पट्टीला क्लायंटकडेच ओळखक्रमांक देतो, त्यावर युनिक बंधन ठेवतो आणि चूक आल्यास संपूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवतो. आधीची नोंद झालेली असेल, तर डेटाबेस दुसरी नाकारतो. शिवाय सिंक्रोनस मोड (दुसऱ्या नोडवर नोंद पोहोचल्यावरच कमिटचे उत्तर देणारा) चालू ठेवला आहे, कारण असिंक्रोनस प्रतिकृतीत ‘झाले’ असे उत्तर मिळालेली पट्टीही फेलओव्हरमध्ये नाहीशी होऊ शकते. प्रत्येक कमिटला थोडा उशीर होतो, पण पैशांच्या हिशोबात तो सोसावाच.

सीक्वेन्सचे (आपोआप क्रमांक देणाऱ्या यंत्रणेचे) मूल्य पोस्टग्रेस ३२ ने पुढचे लिहून ठेवत असल्याने फेलओव्हरनंतर क्रमांकांत खंड पडतो, आणि मुनीम मधल्या पट्ट्या कुठे गेल्या, हे विचारतात. छापील पट्टीक्रमांक वेगळ्या टेबलातून, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ लॉक करून द्यावा. वेग कमी होतो, पण क्रमांक सलग राहतात.