रेझबाझ: पीएचडीवाल्यांची जत्रा, जाऊन या

ऑस्ट्रेलियात पीएचडी करणाऱ्या आपल्या मंडळींनी रेझबाझ, म्हणजे रिसर्च बझार, चुकवू नका. २०१५ ला मेलबर्न युनिव्हर्सिटीतून सुरू झालं, आता न्यूझीलंड, अमेरिकेतही भरतं. कॉन्फरन्ससारखं पेपर वाचून टाळ्या घेणं नाही, लॅपटॉप घेऊन बसायचं आणि आर, पायथन (या कोडिंगच्या भाषा), गिट (फाइलमधले बदल जपून ठेवणारं साधन) स्वतः टाइप करत शिकायचं.

कार्पेंट्रीज (संशोधकांना कोडिंग शिकवणारी संस्था) पद्धतीचे वर्ग असतील तर आधी तेच पकडा. शिकवणारा समोर लाइव्ह कोड लिहितो, चुकतोही, आणि आपण अडकलो की हात वर न करता लॅपटॉपवर रंगीत चिठ्ठी चिकटवायची, मदतनीस गुपचूप येऊन बघून जातो, ही चिठ्ठीची आयडिया लाजऱ्या माणसांसाठी भारीच आहे राव.

मला सगळ्यात आवडलं ते ओपनरिफाइन, म्हणजे विस्कटलेला डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर. सर्व्हेमध्ये लोकांनी ब्रिस्बेन चार प्रकारे लिहिलेलं असतं ना, ते क्लस्टर करून, म्हणजे सारखे शब्द एकत्र गटात घालून, एका क्लिकवर एकसारखं होतं, हाताने केलं असतं तर जीव गेला असता. एक्सेलचे घोळ पण कळले. मार्च१ नावाचं जीन (जनुक) टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये जीनचीच नावं बदलली 😂

आता दोनतीन दिवसांत आर येतं का, तर नाही. फक्त भीती जाते. आधीच पायथन येणाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्गात बसू नका, कंटाळाल, त्यापेक्षा मदतनीस म्हणून नाव द्या. आणि सॉफ्टवेअर आदल्या रात्रीच टाकून ठेवा, प्लीज.