जीमॅटची तयारी: अधिकृत सराव साहित्य अनेक महिने वापरल्यावर

नोकरी सांभाळून जीमॅटची, म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी केली. त्यासाठी अधिकृत, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच काढलेले, प्रश्नसंच आणि सराव परीक्षा अनेक महिने जवळजवळ रोज हाताळल्या, जोडीला काही खासगी मॉक, म्हणजे इतर कंपन्यांच्या सराव परीक्षा, दिल्या. परीक्षा झाली, गुण मनासारखे आले, म्हणून आता सवडीने लिहिते आहे. मत आधीच सांगून टाकते: प्रश्न अधिकृतच घ्या, पण पुरवून पुरवून वापरा. ते मोजके आहेत आणि एकदा सोडवलेला प्रश्न पुन्हा कोरा होत नाही. पहिल्या महिन्यातच सगळा संच उरकून टाकणारे पुढे अडतात, कारण खरी कसोटी लागते तेव्हा त्यांच्या हाती न पाहिलेलं असं काही उरलेलं नसतं.

साहित्य जमवण्याआधी ते कोणत्या परीक्षेसाठी आहे हे पाहून घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'फोकस एडिशन' ही परीक्षेची नवी आवृत्ती आली, जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली आणि पुढे नव्या परीक्षेलाच नुसतं जीमॅट म्हणू लागले. भूमिती गेली, सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न) गेलं, निबंध गेला. जुनी पुस्तकं मात्र अजून हातोहात फिरत असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे गुण. जुने गुण २०० ते ८०० आणि शेवटी शून्य, नवे २०५ ते ८०५ आणि शेवटी कायम ५. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करू नका. जुन्या ७०० ला जे स्थान होतं, ते आता साधारण ६४५ ला आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगले गुण मिळूनही हिरमुसलेले लोक मी पाहिले आहेत. तुलना करायचीच तर पर्सेंटाइलची करा, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत त्याची.

आता सराव परीक्षांबद्दल. अधिकृत सराव परीक्षा एकूण सहा आहेत, त्यांतल्या पहिल्या दोन मोफत. माझ्या मते संपूर्ण तयारीत यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. खऱ्या परीक्षेत तुमच्या आधीच्या उत्तरांवरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते, तशीच ती इथेही ठरते. पडदा तोच, घड्याळ तसंच, आणि प्रश्नांची भाषाही त्याच हातची. शेवटच्या आठवड्यांत दिलेल्या सराव परीक्षांचे गुण आणि प्रत्यक्ष परीक्षेतले गुण यांत माझ्या बाबतीत फारसं अंतर पडलं नाही. एक सराव परीक्षा अगदी सुरुवातीला द्या, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळतं. मधल्या काळात एखादी, आणि बाकीच्या शेवटासाठी राखून ठेवा. त्या पुन्हा नव्याने सुरू करता येतात, पण काही प्रश्न परत येतात आणि मग त्या गुणांवर विसंबता येत नाही.

खासगी मॉकचा उपयोग मी फक्त बसण्याची सवय व्हावी म्हणून केला. सलग ४५ मिनिटांचे तीन विभाग (गणित, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स), मध्ये हवी तर १० मिनिटांची एकच विश्रांती. एवढा वेळ एकाग्र राहायला सराव लागतोच. पण मी घेतलेल्या एका संचातलं गणित नुसतं आकडेमोडीचं होतं. लांबलचक भागाकार, किचकट अपूर्णांक. जीमॅटच्या गणितात कॅल्क्युलेटर मिळत नाही, आणि म्हणूनच अधिकृत प्रश्नांत आकडे असे ठेवलेले असतात की योग्य वाट सापडली तर फार खरडावं लागत नाही. उत्तर काढता काढता पान भरत असेल, तर थांबून दुसरी वाट शोधायची, ही सवय मला अधिकृत प्रश्नांनीच लावली. तो खासगी संच मी अर्ध्यावर सोडून दिला.

गणिताचा विभाग २१ प्रश्नांचा. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून जेमतेम जास्त वेळ. विषय सगळे शाळेतले: टक्केवारी, गुणोत्तर, विभाज्यता, वेग, समीकरणं, सरासरी. ज्यांचं शाळेतलं गणित पक्कं आहे त्यांना फक्त हात बसवायचा असतो. ज्यांचं सुटलं आहे त्यांनी आधी महिनाभर मूळ संकल्पना घोटाव्यात. प्रश्नसंचाला त्यानंतरच हात लावावा.

सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं ते डेटा इनसाइट्स या माहितीच्या विश्लेषणाच्या विभागाबद्दल, कारण याच विभागाकडे लोक कानाडोळा करतात. हा विभाग नवा आहे, म्हणून तो जोडीला ठेवलेला छोटासा भाग असावा असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिन्ही विभागांचा एकूण गुणांतला वाटा सारखाच आहे. ४५ मिनिटांत २० प्रश्न, आणि त्यांत पाच तऱ्हा: तक्ते, आलेख, अनेक स्रोतांतून माहिती जुळवायचे प्रश्न, दोन भागांचे प्रश्न आणि डेटा सफिशियन्सी. एकाच प्रश्नात दोन-तीन उपप्रश्न असतील तर सगळे बरोबर यावे लागतात, अर्ध्या बरोबर उत्तराला काही मिळत नाही. कॅल्क्युलेटर फक्त इथेच, तोही पडद्यावरचा. त्याची बटणं माऊसने दाबत बसण्यापेक्षा अंदाजाने आकडा काढणं बहुतेक वेळा लवकर होतं.

डेटा सफिशियन्सी आधी गणिताच्या विभागात होती, आता इथे आली आहे. तिच्यात उत्तर काढायचंच नसतं. दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का, एवढंच ठरवायचं असतं. एक नमुना देते. प्रश्न: क्ष ही संख्या धन आहे का? विधान १: क्ष चा घन क्ष च्या वर्गापेक्षा मोठा आहे. विधान २: क्ष चा वर्ग क्ष पेक्षा मोठा आहे. घाईत दोन्ही विधानं सारखीच दिसतात. पहिल्यातून क्ष १ पेक्षा मोठा असल्याचं निघतं, म्हणजे ते एकटंच पुरेसं. दुसरं मात्र क्ष ऋण असतानाही खरं ठरतं, म्हणून ते अपुरं. उत्तर: फक्त पहिलं विधान पुरे. दोन्ही मिळून पुरेशी आहेत असा पर्याय इथे अनेकांना भुरळ घालतो, कारण दोन्ही एकत्र घेतल्यावर उत्तर मिळतंच ना! पण एकट्याने भागत असेल तर तो पर्याय चूक. प्रत्येक विधान वाचताना दुसरं जणू वाचलेलंच नाही अशा बेताने विचार करणं, हे या प्रश्नांचं मर्म आहे. ते अंगवळणी पडायला मला बरेच आठवडे लागले आणि तो वेळ पुरेपूर कारणी लागला.

व्हर्बल, म्हणजे इंग्रजी वाचन आणि तर्काच्या विभागात, २३ प्रश्न, दर प्रश्नाला दोन मिनिटांहूनही किंचित कमी. युक्तिवाद तपासायचे, म्हणजे क्रिटिकल रीझनिंगचे, प्रश्न मला मनापासून आवडले. परीक्षा संपल्यावरही बातम्या वाचताना तोच विचार डोक्यात चालू राहतो. समजा एका कंपनीकडे आलेल्या तक्रारींत उशिरा पोचलेल्या मालाच्या तक्रारी गेल्या वर्षी ४० टक्के होत्या आणि यंदा ६० टक्के झाल्या. निष्कर्ष: माल पोचवण्याचं काम बिघडलं. यात फट कुठे आहे? गेल्या वर्षी एकूण तक्रारी १,००० असतील तर उशिराच्या ४०० झाल्या. यंदा एकूण ५०० च असतील तर उशिराच्या ३००. म्हणजे काम सुधारलंसुद्धा असेल, फक्त इतर तक्रारी त्याहून जास्त घटल्या. युक्तिवादाने गृहीत काय धरलं आहे हे पर्याय वाचण्याआधीच स्वतःच्या शब्दांत मांडायचं. ही एक शिस्त पाळली की चार मोहक पर्याय आपोआप फिके पडतात.

उतारा वाचून उत्तरं द्यायच्या रीडिंग कॉम्प्रिहेन्शनसाठी निराळी युक्ती नाही. लेखक कोणत्या बाजूचा आहे, आणि प्रत्येक परिच्छेद कशासाठी आला आहे, एवढं पाहत वाचायचं. तपशील लक्षात ठेवायची गरज नसते, ते शोधायला परत मागे जाता येतं.

आता चुकांच्या वहीबद्दल, कारण साहित्याचं चीज त्यातूनच होतं. छापील स्पष्टीकरणात बरोबर उत्तर का बरोबर आहे ते असतं. आपल्याला चुकीचा पर्याय का पटला, ते कुठेच नसतं, आणि कोणी दुसरा ते लिहूनही देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे मी कारण लिहायचे: संकल्पना येत नव्हती, प्रश्न नीट वाचला गेला नाही, की वेळेच्या धास्तीने अंदाजपंचे उत्तर दिलं. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्यावेत. काही आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवायचा. एक सराव परीक्षा दिल्यावर तिचं विश्लेषण करायला परीक्षेच्या दुप्पट वेळ लागला तरी चालेल. रोज शंभर प्रश्नांच्या पाट्या टाकून जे हाती लागत नाही, ते वीस प्रश्न असे मुरवले की लागतं.

वेळेचं गणित वेगळं शिकावं लागतं. प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हवे तेवढे प्रश्न खूण करून ठेवता येतात आणि विभागाच्या शेवटी वेळ उरला तर परत पाहता येतात, पण उत्तरं जास्तीत जास्त तीनच बदलता येतात. हा परत पाहण्याचा वेळ त्याच ४५ मिनिटांतला असतो. म्हणून खूण फक्त अशाच प्रश्नांवर करा, जे आणखी एका मिनिटात सुटतील अशी तुमची खात्री आहे. जो मुळात कळलाच नाही तो परत पाहूनही कळत नाही. शेवटचे प्रश्न अनुत्तरित राहिले तर गुण चांगलेच घटतात, त्यामुळे एखाद्या अवघड प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊन पुढे सरकणं हेसुद्धा कौशल्यच आहे. पहिल्या काही प्रश्नांवरच सगळं अवलंबून असतं, या समजुतीने तिथे जास्त वेळ घालवू नका. त्याची किंमत शेवटी मोजावी लागते.

विभागांचा क्रम आपण निवडायचा असतो. प्रत्येक क्रम सराव परीक्षेत आजमावून बघा. मी डेटा इनसाइट्स मधोमध ठेवलं, कारण ते शेवटी आलं की तक्ते वाचताना डोळे थकलेले असायचे. आणखी एक लहानशी गोष्ट: परीक्षाकेंद्रात कागद-पेन मिळत नाही, पुसता येणारी गुळगुळीत पानं आणि मार्कर मिळतो. मार्करने अक्षर मोठं येतं आणि जागा पटकन संपते. घरीही तसल्याच पाटीवर सराव केला तर त्या दिवशी गोंधळ होत नाही.

क्लास लावावा का, असं बरेच जण विचारतात. संकल्पनाच कच्च्या असतील, किंवा स्वतःहून रोज बसणं जमत नसेल, तर जरूर लावा. बाकीच्यांना अधिकृत साहित्य आणि वही पुरेशी आहे असं मला वाटतं. परीक्षेची तारीख मात्र प्रवेशाच्या मुदतीच्या बरीच आधीची घ्या. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं आणि १२ महिन्यांत पाचच प्रयत्न करता येतात. गुण पाहिल्यानंतर ४८ तासांत पाच अभ्यासक्रमांना ते मोफत पाठवता येतात, तेव्हा ती यादी परीक्षेला बसण्याआधीच तयार ठेवा. गुण पाच वर्षं ग्राह्य असतात, त्यामुळे प्रवेश लगेच घ्यायचा नसला तरी अभ्यासाला वेळ देता येतो त्या काळातच परीक्षा देऊन टाकता येते.