स्वस्तातले तीन कॅबिनेट फॅन: अख्खा उन्हाळा वापरल्यावर

अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला कॉम्प्युटरच्या पंख्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बाहेर पारा ४४-४५ वर, कूलर लावूनही खोली पस्तीसच्या खाली येत नाही. कॅबिनेटचा पंखा हवा थंड करत नाही. आतली गरम हवा बाहेर काढून खोलीतली आत घेतो, एवढंच. त्यामुळे प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा गरमच राहणार. किती गरम, ते पंखे ठरवतात.

माझं मशीन आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसरचं, ६५ वॉटचं. काम कीर्तन-प्रवचनांच्या व्हिडिओंचं एडिटिंग, आणि त्याच खोलीत माइक लावून निवेदन रेकॉर्ड करायचं. म्हणजे उष्णता आणि आवाज, दोन्हींशी रोजची गाठ. कॅबिनेटसोबत आलेले पंखे थकले तेव्हा १२० मिलिमीटरचा तीन पंख्यांचा सेट घेतला. कंपनी अनोळखी. खोक्यावर 'सायलेंट', १८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि पीडब्ल्यूएम (म्हणजे मदरबोर्डला पंख्याचा वेग कमी-जास्त करता येतो) असं ठळक छापलेलं. फेब्रुवारीत बसवले आणि पाऊस लागल्यावर काढले.

पहिली गडबड बसवल्याच दिवशी. तिन्ही पंखे सतत फुल स्पीडने फिरत होते, मशीन नुसतं चालू असलं तरी. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, फॅन कर्व्ह (किती तापमानाला किती वेग ते ठरवणारी रेघ) कितीही खाली ओढला तरी ढिम्म. शेवटी प्लग हातात घेऊन उजेडात पाहिला: भोकं चार, पण वायरी तीनच. चौथं भोक रिकामं. पीडब्ल्यूएम पंख्यात ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग मोजण्याची तिसरी आणि वेग कमी-जास्त करायला सांगणारी चौथी, अशा चार वायरी लागतात. इथे सांगणारी वायरच नव्हती. मदरबोर्ड पीडब्ल्यूएम मोडमध्ये असला की पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट देत राहतो आणि हुकूम चौथ्या वायरीने पाठवतो. तो हुकूम इथे कुणाकडेच पोचत नव्हता. ही सरळ फसवणूक आहे, आणि खोकं न उघडता ती कळायला मार्ग नाही.

उपाय सोपा: बायोसमध्ये त्या हेडरचा (मदरबोर्डवर पंख्याचा प्लग लागतो त्या जागेचा) मोड पीडब्ल्यूएमवरून डीसी करायचा. मग बोर्ड व्होल्टेज कमी करून वेग उतरवतो. माझे पंखे त्यानंतर ऐकायला लागले, पण साधारण सहा व्होल्टच्या खाली दिले तर जागचे हलेनात आणि बायोस शून्य आरपीएम दाखवायचं. म्हणून किमान मर्यादा थोडी वरच ठेवावी लागली. आणि १८०० चं म्हणाल, तर पूर्ण व्होल्टेजवर बायोसमध्ये १२५० च्या आसपासच आकडा दिसायचा.

एप्रिलपर्यंत ठीक चाललं. मग सकाळी मशीन सुरू केलं की घरघर यायला लागली. पाच-दहा मिनिटांत ती कमी व्हायची, त्यामुळे धूळ असेल असं वाटत राहतं. धूळ नव्हे, बेअरिंग. या किमतीच्या पंख्यांत बहुतेक वेळा साधं स्लीव्ह बेअरिंग असतं. धातूच्या नळीत दांडा आणि मध्ये थोडं तेल, एवढीच रचना. तेल उडालं की दांडा नळीला घासतो. थंड असताना उरलेलं तेल घट्ट असतं म्हणून सकाळचा आवाज जास्त.

असा आवाज आला तर आधी कोणता पंखा वाजतोय ते शोधा. मशीन बंद करून एकेक केस फॅनचा प्लग काढत जा. प्रोसेसरच्या पंख्याला मात्र हात लावू नका. दोषी सापडला की कॅबिनेट आडवं करून पाहा. आवाज बदलला किंवा गेला तर बेअरिंगच समजा, कारण पात्यांचं वजन दांड्यावर वेगळ्या बाजूने पडतं. माझ्याकडे सगळ्यात आधी गेला तो वरच्या जाळीला आडवा बसवलेला. मागच्या बाजूला उभा असलेला शेवटपर्यंत बरा राहिला. स्लीव्ह बेअरिंगचा पंखा कॅबिनेटच्या छतावर लावूच नये, हे मी आता ठामपणे सांगतो.

मधल्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला तर काही आठवडे शांतता मिळते. दांडा आधीच झिजलेला असेल तर त्यापुढे उपयोग नाही. गंज सोडवणारे स्प्रे मात्र आत मारू नका. ते उडून जातात आणि होतं ते तेलही धुऊन नेतात.

माझं खरं नुकसान रेकॉर्डिंगमध्ये झालं. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला वीस. पाती सात, म्हणजे पात्यांचा आवाज १४० हर्ट्झचा. निवेदनाच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या हर्ट्झला किती आवाज ते दाखवणाऱ्या चित्रात) बरोबर तिथे एक बारीक रेघ दिसायची. ती काढता येते, कारण ती स्थिर असते. बेअरिंगची घरघर सतत बदलते, त्यामुळे नको तो आवाज काढणाऱ्या नॉइज रिडक्शनला ती नीट सापडत नाही आणि काढायला गेलं की माणसाचा आवाजच पोकळ होतो. गावोगावच्या कीर्तनकारांनी विश्वासाने दिलेलं काम असं बिघडलेलं मला चालत नाही.

मे महिन्यात वरचा पंखा ९०० च्या खाली उतरला आणि व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर ९३ पर्यंत जाऊ लागला. १०० अंशांना हा प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे अंतर फार उरलं नव्हतं. दुकानदाराने "इलेक्ट्रिक मालाला वॉरंटी नसते" म्हणून हात वर केले.

आता नॉक्चुआचे एनएफ-पी१२ रिडक्स लावलेत, १३०० आरपीएमचे, चार वायरींचे. कंपनीची वॉरंटी सहा वर्षांची. यातल्या एकाच्या किमतीत ते जुने तीन आले होते, हे खरं. पण बजेट कमी असेल तर तीन वाईट घेण्यापेक्षा एक चांगला घ्या आणि मागे हवा बाहेर फेकणारा लावा. घेताना प्लगच्या वायरी मोजा. पंखा कानाजवळ धरून पाती बोटाने हळूच फिरवा, खरखर जाणवली तर परत ठेवा. बेअरिंगचा प्रकार खोक्यावर लिहिलेला नसेल तर स्लीव्हच धरून चाला.

साफ करताना ब्लोअर मारायचा असेल तर एक पातं बोटाने अडवून धरा. मोकळा पंखा हवेने भलत्या वेगात फिरतो आणि चांगलं बेअरिंगसुद्धा त्यात खराब होतं. आमच्याकडे कापसाचं तुस इतकं उडतं की पुढची जाळी दर महिन्याला साफ करावीच लागते.