टाकळा की कासविंदा?

पहिल्या पावसानंतर माळावर, रस्त्याकडेला दोन्ही उगवतात आणि फुलं दोघांची पिवळीच. म्हणून पानं मोजा. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या (एका देठावरच्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच, टोकदार. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, वाकडी; कासविंद्याची चपटी.

भाजीला टाकळाच, तोही कोवळा, फुलं येण्याआधीचा. कासविंद्याच्या बिया मुलांनी खाल्ल्या तर यकृत, मेंदू, स्नायू तिन्हींवर घाला येतो. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलं दगावली आहेत. घराजवळ दिसला तर मी शेंगा धरण्याआधीच उपटतो, तुम्हीही उपटा.

टाकळा लावायचा असेल तर बी वाळूत चोळून रात्रभर भिजवा, कवच फार टणक असतं. खत नको, ऊन भरपूर हवं.