मेंदूच्या गोळ्यांवर रसायनाची परीक्षा: साडेतीन तारे

आधीच सांगते, गोळ्या नव्हेत, गोळे. प्रयोगशाळेत वाढवलेले, माणसाच्या पेशींचे, टाचणीच्या डोक्याहूनही लहान.

मी एका रसायन कंपनीच्या विषशास्त्र विभागात काम करते. आमच्या नव्या अग्निरोधक रसायनामुळे पोटातल्या किंवा तान्ह्या बाळाच्या मेंदूची वाढ बिघडेल का, हे बघायचं होतं. असा प्रश्न आला की आजवर माझं उत्तर ठरलेलं असायचं: पांढरे उंदीर. ओईसीडी (रसायनांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) हिच्या ४२६ क्रमांकाच्या पद्धतीत गाभण मादीला सहाव्या दिवसापासून डोस सुरू होतो आणि पिल्लं २१ दिवसांची होईपर्यंत चालतो. प्रत्येक डोसला साधारण २० विणी लागतात. पुढे पिल्लांची हालचाल, शिकणं, आठवण, मेंदूचं वजन, सगळं मोजत बसायचं. एवढं करून हाती येतो तो उंदराचा मेंदू. यंदा म्हटलं, माणसाच्या पेशींना विचारून बघू. एका कंत्राटी प्रयोगशाळेला काम दिलं. नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी तिच्या एकटीच्या नसाव्यात.

तंत्र असं. मोठ्या माणसाच्या त्वचेची पेशी उलट्या वाटेने नेऊन तिची मूळपेशी, म्हणजे कुठलीही पेशी होऊ शकणारी पेशी, करायची (ही वाट जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींत दाखवली) आणि मग तिला मेंदूच्या दिशेने वळवायचं. २०१३ मध्ये व्हिएन्नात लँकेस्टर आणि नोब्लिख यांनी असे मेंदूसदृश गोळे वाढवून दाखवले, तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. माझ्या कामासाठी मात्र मी जॉन्स हॉपकिन्समधल्या हार्टुंग यांच्या गटाने केले तसले छोटे गोळे निवडले: व्यास सुमारे ३५० मायक्रोमीटर, तयार व्हायला साधारण ८ आठवडे. लहानच का? या गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात. आकार वाढला की ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही, गाभा मरतो, आणि मग त्या मरणाचं खापर रसायनावर फुटतं.

(दुखतं का त्यांना, हा घरच्यांचा पहिला प्रश्न. डोळे नाहीत, कान नाहीत, त्वचा नाही. विजेची चुळबुळ असते, तिला मी विचार म्हणणार नाही.)

मी पाच कुप्या पाठवल्या, वर फक्त आकडे. दोन आमच्या: नवं रसायन आणि त्याचा जुना भाऊबंद. उरलेल्या तिघांत एक मिथाइल मर्क्युरी (मेंदूचं नावाजलेलं विष), एक पॅरासिटामॉल (अशा चाचणीत निरुपद्रवी धरलेलं), एक क्लोरपायरीफॉस (कीटकनाशक). विषाची कागदपत्रं बंद पाकिटात त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे दिली, प्रयोग करणाऱ्यांना पत्ता नाही. संशयखोरपणा वाटेल, पण नव्या सोनाराकडे माणूस आधी कसाला लावलेलं सोनंच नेतो.

मिथाइल मर्क्युरी त्यांनी चोख पकडलं, तेही पेशी मरायच्या कितीतरी आधीच्या डोसला, चेतापेशींचे धागे आखूड झाल्यावरून. पॅरासिटामॉलला सोडून दिलं. इथवर पैकीच्या पैकी. क्लोरपायरीफॉसच्या पुढे शेरा होता: 'फक्त सर्वोच्च डोसला सौम्य परिणाम'. यात प्रयोगाची चूक नाही. या कीटकनाशकाचं खरं जहाल रूप, म्हणजे ऑक्सॉन, मुख्यतः यकृतात तयार होतं, आणि प्लेटमध्ये यकृत कुठून येणार? पण यावर अहवालात एक ओळ तरी असायला हवी होती. नवखा माणूस तो शेरा वाचून निर्धास्त झाला असता.

आणि आमचं रसायन? 'कोणताही परिणाम नाही.' ऑफिसात सगळ्यांचे चेहरे खुलले. मला मात्र चैन पडेना. आमचं रसायन तेलकट आहे. तेलकट पदार्थ प्लास्टिकला चिकटतो, गोळे ज्यात वाढतात त्या द्रवातल्या प्रथिनांना चिकटतो, पेशींच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अहवालात डोसचे जे आकडे होते ते प्लेटमध्ये घातलेल्या रसायनाचे. गोळ्यापर्यंत किती पोचलं, हे कोणी मोजलंच नव्हतं. मी हट्टाने द्रव मोजायला लावला. सांगितलेल्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघालं!

यानंतर ते कसे वागले, त्याचा मी अर्धा तारा जास्त देते. कांगावा नाही, टोलवाटोलवी नाही. काचेची भांडी वापरून, रोज द्रव मोजत, प्रयोग फुकट पुन्हा केला. मधेच गोळ्यांची एक बॅच वेडीवाकडी वाढली, ती त्यांनी स्वतःहून फेकली आणि तसं कळवलं. त्यात पुन्हा दोन महिने गेले, पण लपवाछपवीपेक्षा ते बरं. दुसऱ्या खेपेला वरच्या दोन डोसना इलेक्ट्रोडवरची चुळबुळ स्पष्ट मंदावलेली दिसली. जुन्या भाऊबंदाची तशी मंदावली नाही.

प्रयोगशाळेच्या विक्रीवाल्यांची भाषा मात्र आवरायला हवी. 'आता उंदरांची गरज संपली' म्हणे. ओईसीडीने २०२३ मध्ये पेशींवरच्या चाचण्यांबद्दल प्राथमिक शिफारशी काढल्या, पण त्या अनेक चाचण्यांच्या संचाबद्दल आहेत, एकट्या गोळ्याबद्दल नव्हेत. दुसरं म्हणजे, प्रयोगशाळेच्या यादीतल्या मोठ्या गोळ्यांपुढे 'प्राणीमुक्त' लिहिलंय, आणि ते वाढवायला जो जेल वापरतात तो उंदराच्या गाठीतून काढलेला. विचारलं तर म्हणाले, 'हो, ते बरोबर आहे.' पण यादीतला शब्द अजून तसाच आहे.

नवं रसायन सध्या कपाटात आहे. पुढच्या महिन्यात त्याचाच एक कमी तेलकट प्रकार याच लोकांकडे पाठवतेय. या वेळी करारात दोन ओळी वाढवल्यात: द्रवातलं प्रमाण पहिल्या दिवसापासून मोजायचं, आणि एक प्लेट यकृताच्या पेशींसोबत लावायची.