क्लच मास्टर सिलिंडरचं सील किट: स्वस्त, पण सगळ्यांसाठी नाही

जुनी गाडी सकाळी नीट चालते, मग सिग्नलला क्लच पेडल दाबून धरलं की ते हळूहळू खाली बसतं, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो, दोन-तीनदा पंप केलं की पुन्हा ठीक. क्लचच्या डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी तशीच असेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइलवर प्रेशर देणाऱ्या नळकांड्याचं) आतलं रबरी सील प्रेशर धरत नाही. हे किट त्याच दुखण्यावर आहे. पातळी घटत असेल तर आधी पेडलमागचा पुशरॉड (मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी) आणि गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचं (त्या प्रेशरने क्लच सोडवणाऱ्या नळकांड्याचं) रबर बूट ओलं आहे का ते बघा. (मेकॅनिक थेट क्लच प्लेट सांगतो, पण प्लेट झिजली की क्लच घसरतो, पेडल बसत नाही.)

किटमधली रबरं चांगली आहेत. मात्र बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) नखाला लागतील असे चरे असतील, तर नवं सीलही लवकर फाटतं. तिथे अख्खा सिलिंडरच घ्यावा. बसवताना सीलला ब्रेक ऑइलच लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइलने रबर फुगतं. नंतर डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ताजं ब्रेक ऑइल भरून लाइनमध्ये अडकलेली एअर काढा. किटसोबत ऑइल मिळत नाही, अर्धा लिटर वेगळं घ्या.