हायवेचं ऑफिस आणि मागच्या सीटवर बाळ: वापरलेल्या डिझेल ऑक्टाव्हियाबद्दल

वापरलेली डिझेल गाडी घेऊ का, असं कोणी विचारलं की मी गाडीचं नाव विचारत नाही. ऑफिस किती लांब आहे ते विचारते. माझं साठेक किलोमीटर आहे, आणि त्यातला बहुतेक रस्ता मोकळा हायवे. ऑफिस गल्लीच्या टोकाला असतं तर हे परीक्षण पेट्रोल गाडीचं झालं असतं.

कारण सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली एक गाळणी. डीपीएफ म्हणतात तिला. युरोपात गाड्यांच्या धुराचे युरो ५ नियम आले, २००९ नंतर, आणि तेव्हापासून डिझेल कारला ती जवळजवळ सक्तीचीच झाली. इंजिनातून येणारी काजळी ती अडवते, आणि साठत आली की गाडी ती काजळी स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी गाळणीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की काम उरकतं. सिग्नल, गर्दी, दोन किलोमीटरवर इंजिन बंद, असा प्रकार रोज चालला की जाळणं अर्धवट राहतं. मग गाडी पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा अर्धवट. काजळी जाळायला जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वर चढते. ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात. वाढलं तर "बरं आहे की" म्हणून झाकण लावतात.

आता गंमत अशी की बाळाच्या सगळ्या फेऱ्या नेमक्या याच जातीच्या. डॉक्टर जवळ, लसीकरण जवळ, आजी जवळ, औषधाचं दुकान तर कोपऱ्यावर. म्हणजे ऑफिस म्हणतं डिझेल घे, बाळ म्हणतं घेऊ नको. घरात एकच गाडी असणार होती, त्यामुळे दोघांचं भांडण तिच्यातच मिटवायला हवं होतं. माझ्या बाबतीत ते मिटलं, कारण आठवडाभराच्या छोट्या फेऱ्यांची काजळी माझा ऑफिसचा रस्ता जाळून टाकतो. जिचं ऑफिस आठवड्यातले चार दिवस घरूनच चालतं तिने हे आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नये.

डिझेल ठरलं तरी कुठली डिझेल हा प्रश्न उरलाच. इथे मी नवऱ्याशी एक करार केला: गाडी बघायला जाताना बाळाचं सीट सोबत न्यायचं. बॉनेट नंतर, आधी सीट लावून बघायचं. विक्रेते जरा चक्रावायचे. एकाने तर "ताई, बाळ कुठंय?" असं हसत विचारलं. बाळ घरी झोपलेलं होतं, आणि तेच बरं होतं.

मागे तोंड करून बसवायचं सीट लावलं की समोरच्या सीटची जागा कशी खाल्ली जाते, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. आधी बघितलेल्या एका छोट्या हॅचबॅकमध्ये सीट बसलं, पण त्यापुढच्या सीटवर नवरा बसला तेव्हा त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. एका सात आसनी गाडीत जागा ऐसपैस होती, पण तिसरी रांग उभी केली की डिकीत बाबागाडीचं चाकसुद्धा मावेना. आणि हे काही वर्षभराचं प्रकरण नाही. आर १२९ या युरोपीय नियमानुसार बाळ किमान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असतं, आणि त्यानंतरही जितके दिवस जमेल तितकं चांगलं. बाळाची मान नाजूक आणि डोकं जड; समोरून धडक बसली तर तो झटका मानेला न बसता सीटच्या पाठीवर पसरतो.

शेवटी घेतली ती तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया, दोन लिटर टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल इंजिनाची. बाहेरून सेडान दिसते, पण मागचं दार काचेसकट वर उचललं जातं, आणि माझ्यासाठी या गाडीची अर्धी किंमत त्या दारातच आहे. डिकी ५९० लिटरची. मागची सीट पाडली तर १,५८० लिटर. आकडे ब्रोशरमध्ये कुणालाही सापडतील, पण त्यांचा अर्थ असा की बाबागाडी दुमडून आडवी टाकली तरी शेजारी बाळाची बॅग, माझी लॅपटॉपची बॅग आणि बाजारहाट एकमेकांवर न चढता राहतात. तोंड एवढं मोठं असल्यामुळे बाबागाडी तिरकी करून कोंबावी लागत नाही. नेहमीच्या सेडानमध्ये डिकी खोल असते, पण तोंड अरुंद; बाबागाडी आत मावेल, पण आत जाणार कशी?

मागच्या दोन्ही कडेच्या जागांना आयसोफिक्सचे आकडे, म्हणजे बाळाचं सीट अडकवायचे हुक, आहेत. हे आकडे एकमेकांपासून २८० मिलिमीटरवर असतात, सगळ्या गाड्यांत तेवढेच, म्हणून सीट कुठल्याही कंपनीचं असलं तरी खट्कन बसतं. पण या दोन आकड्यांशिवाय तिसरा आधार लागतो: वरून पट्टा किंवा खाली जमिनीला टेकणारा पाय. आमच्या सीटला पाय आहे. काही गाड्यांत पायाखाली सामान ठेवायचे चोरकप्पे असतात, आणि त्यांच्या झाकणावर हा पाय टेकवायचा नसतो. इथे ती भानगड नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,६८६ मिलिमीटर असल्याने बाळाच्या सीटपुढे नवरा माणसासारखा बसू शकतो. मात्र मागच्या सीटच्या मध्यभागी पायाशी उंचवटा आहे, तेव्हा मधे बसणाऱ्या आजीने पाय दोन्हीकडे ठेवावेत. धडक चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०१३ साली या गाडीला पाच तारे दिले होते. तेव्हाच्या चाचण्या आजच्या इतक्या कडक नव्हत्या, हे लक्षात ठेवून ते तारे वाचावेत.

आणि एक. मागे तोंड असलेलं सीट पुढच्या सीटवर लावायचं असेल तर समोरची एअरबॅग बंदच असली पाहिजे. बंद करायचा खटका गाडीत नसेल तर पुढे लावायचंच नाही. यावर चर्चा नाही.

इंजिनाबद्दल. १५० अश्वशक्तीच्या अवतारात त्याचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ३२० न्यूटन मीटर आहे, तोही इंजिनाच्या मिनिटाला साधारण १,७५० फेऱ्यांपासून, त्यामुळे चढावर गिअर खाली टाकायची घाई होत नाही आणि मागे झोपलेलं बाळ गिअरच्या धक्क्याने उठत नाही. २०१५च्या सप्टेंबरमध्ये स्कोडाच्या मालक कंपनीची, फोक्सवॅगनची, उत्सर्जन चाचण्यांतली फसवेगिरी उघडकीला आली ती याआधीच्या ईए १८९ इंजिनांची. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या तिच्यात सापडल्या. या गाडीत त्यानंतरचं, ईए २८८ घराण्यातलं इंजिन आहे. तरी कुठल्या वर्षाची गाडी कुठल्या उत्सर्जन मानकाची, हे कागदावर बघून घ्याच. लंडनसारख्या शहरात युरो ६ पेक्षा जुन्या डिझेलने शिरलं की रोजचं शुल्क भरावं लागतं. आज हायवेला चाललेली गाडी उद्या शहराच्या मध्यात चालेलच असं नाही.

वापरलेली गाडी तपासताना माझा भर गॅरेजवाल्या काकांवर होता. ते कमी बोलतात. पहिली अट त्यांनी घातली: गाडी थंडच सुरू करून बघायची. एका ठिकाणी आम्ही पोचलो, काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि विक्रेत्याकडे बघितलं.

"तुम्हाला थांबायला नको म्हणून सकाळीच गरम करून ठेवली, काका."

"मग उद्या येतो," काका म्हणाले. आम्ही परत गेलो नाही.

डिझेलचं खरं रूप थंडपणीच दिसतं. थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आत उष्णता देणारे ग्लो प्लग दमले असतील तर इंजिन अडखळत उठतं. क्लच सोडताना थरथर आणि तळातून खडखड येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणारं क्लचजवळचं जड चाक, संपत आलंय असं समजावं, आणि ते काम खर्चाचं. धुराचे रंग वेगळे बोलतात: काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंटची चौकशी करावी.

पण मला आवडलेली तपासणी सगळ्यात स्वस्त आहे. सायलेन्सरच्या नळीत, गाडी थंड असताना, बोट फिरवायचं. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास कोरडं आणि साधारण स्वच्छ बाहेर येतं. काजळीने माखलं तर गाळणी फुटली आहे किंवा कुणीतरी आतून पोकळ करून ठेवली आहे. असे महाभाग असतात. गाळणी तुंबली की साफ करण्याऐवजी काढूनच टाकतात आणि संगणकाला गप्प बसवतात. त्या गाडीचा धूर मग कुणाच्या नाकात जातो? मागे बाबागाडी घेऊन आई उभी असते, आणि धुराच्या नळीच्या उंचीला तिच्यापेक्षा बाबागाडीतलं बाळच जास्त जवळ असतं.

काकांनी डायग्नोस्टिक यंत्र लावून गाळणीतली राख किती तेही वाचलं. काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून या इंजिनाला कमी राखेचं, फोक्सवॅगनच्या ५०७ ००  मानकाचं ऑइल लागतं, आणि सर्व्हिसच्या बिलांवर मी तेवढंच शोधत होते. ऑटोमॅटिक घेणार असाल तर अजून एक बिल शोधा: सहा गिअरच्या, ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी रबर म्हातारं असू शकतं.

बाळासाठी म्हणून मी आणखी दोन गोष्टी बघितल्या. मागचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून, कुठे चिरलेत का ते. आणि वास. दारं-काचा बंद करून आत पाच मिनिटं बसायचं. आरशाला सुगंधी झाड लटकत असेल तर ते काढून आधी गाडीबाहेर ठेवायचं. सिगारेटचा वास छताच्या कापडातून जात नाही, आणि गालिच्याखालची ओल कुबट वासानेच सापडते.

रोजच्या वापरात या गाडीचं, किंबहुना कुठल्याही डिझेलचं, एक वागणं नव्या आईबापांनी समजून घ्यावं. थंडीत आतली हवा लवकर गरम होत नाही. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवतं, तेव्हा हीटरला द्यायला त्याच्याकडे उशिरानेच काही उरतं. म्हणून काही डिझेल गाड्यांत जोडीला विजेचा हीटर असतो. आपल्यात आहे का ते विचारा. बाळाला जाड जाकीट घालून पट्ट्यात बांधू नका. पट्टा ढिला राहतो. पट्टा अंगाशी घट्ट, आणि त्यावरून पांघरूण.

दुसरं वागणं घरी पोचल्यावर कळतं. इंजिन थांबलं तरी पुढचा पंखा घरघरत राहतो, तापलेल्या धातूचा वास येतो. काजळी जाळणं चालू असताना तुम्ही चावी फिरवली, एवढाच त्याचा अर्थ. बाळ झोपलेलं असेल आणि वेळ असेल तर मी हायवेच्या बाजूला अजून एक चक्कर मारून येते. गाडीची गाळणी साफ होते आणि बाळाची झोपही पूर्ण होते. वेळ नसेल तर सोडून देते, अधूनमधून अर्धवट राहिल्याने काही बिघडत नाही. अशा वेळी सुक्या गवतावर मात्र गाडी उभी करायची नाही.

पंपावर हातमोजा वापरा. पेट्रोल हातावरून उडून जातं. डिझेल चिकटून बसतं, आणि पुढच्या मिनिटाला तुम्ही बाळाला उचलणार असता. माझ्या दाराच्या खणात आता हातमोजे, ओले टिश्यू आणि टायरचं प्रेशर मोजायचं छोटं यंत्र असतं. टायमिंग बेल्टची मुदत जवळ आली आहे. काका म्हणतात त्याबरोबर वॉटर पंपही बदलून टाकू, नाहीतर पंपासाठी तेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.